माणसाला काही होत नाही

कमळाकर मास्तरांना तालुक्यात दोन नावं होती. शाळेच्या मस्टरवर कमळाकर विशे आणि मस्टरच्या बाहेर ज्वालामुखी मास्तर. हे दुसरं नाव त्यांनी स्वतः कमावलेलं. टोकावड्याजवळच्या एका शाळेत ते विज्ञान शिकवायला लागले ब्याण्णव साली, आणि त्याच थंडीत मुरबाडला तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात शाळेचं पहिलं मॉडेल घेऊन गेले. मातीचा डोंगर, डोंगराच्या पोटात औषधाची बाटली, बाटलीत खायचा सोडा आणि कुंकू, वरून लिंबाचा रस. लाल फेस उतू जायचा, पोरं ओरडायची आणि परीक्षक मान डोलावून पुढच्या टेबलाकडे सरकायचे. दुसऱ्या वर्षी मास्तरांनी तोच डोंगर नव्यानं रंगवून नेला. तिसऱ्या वर्षीही तोच. मग मुरबाडच्या स्टँडवर ते एस.टी.तून पोतं घेऊन उतरले की ओळखीचे शिक्षक लांबूनच विचारायचे, आला का ज्वालामुखी?

त्यात त्यांचा एकट्याचा दोष नव्हता. प्रदर्शनाची रीतच तशी पडली होती. एका शाळेची पवनचक्की पुढल्या वर्षी दुसऱ्या शाळेच्या टेबलावर फिरताना दिसायची. पाणी गाळायचा माठ तर इतक्या शाळा हिंडला होता की त्याच्या गळ्यावर खोडलेल्या नावांना जागा उरली नव्हती. ज्याला नंबर मिळाला त्याचं मॉडेल वर्षभरात अर्ध्या तालुक्यात उभं राहायचं. कोणी लपवाछपवी करत नसे. अहो, तुमची ती वायर कुठनं कुठं नेलीत ते दाखवा बघू, असं उघड विचारायचे आणि ज्याला विचारलं तो खुशीत कागदावर काढून दाखवायचा. नुसतं मॉडेल नव्हे, पोरांनी परीक्षकांपुढं म्हणायचं भाषणसुद्धा उतरवून नेत. विज्ञानाचा प्रसार म्हणतात तो हाच की, असं मास्तर हसत हसत म्हणायचे. पुढं ते स्वतःचं हसणं त्यांना आठवायला लागलं, तेव्हा ताटावरून उठून जावंसं वाटे.

परीक्षक बाहेरून यायचे, जेवणाच्या आधी एक फेरी आणि जेवणानंतर एक. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: चालतं का? जे चालतं ते 'वर्किंग', आणि वर्किंगला मार्क. बाकी थर्माकोल कितीही सुंदर कापा, नुसत्या शोभेला कोणी विचारत नसे. मास्तरांचा ज्वालामुखी चालायचा, पण एकदाच, आणि मग टेबलावरची चादर धुवायला न्यावी लागायची. दरवर्षी ते सहभागाचं प्रमाणपत्र घेऊन घाटाकडच्या गाडीत बसायचे. आपल्या शाळेचा एकदा तरी नंबर यावा, एवढी एकच हाव त्या सरळ माणसाला होती. या हावेपायी काय होणार होतं ते कळलं असतं, तर त्यांनी तो डोंगर जन्मभर रंगवला असता.

मास्तर राहायचे टोकावड्यात भाड्याच्या खोलीत. घर होतं रस्ता सोडून आत, डोंगराच्या कुशीतल्या गावात. तिथं त्यांची आई गुणाबाई, धाकटा भाऊ अनंता आणि अनंताची मुलगी प्रियांका. शेत अनंता करायचा. भात पोटरीला आलं की जंगलातून रानडुकरं उतरायची आणि एका रात्रीत निम्मं शेत लोळवून जायची. अनंता माळ्यावर बसून डबा बडवायचा. डुकरं डब्याला सरावली होती. तो पेंगला की ती शेतात.

सन दोन हजारच्या दिवाळीत, काकांच्याच शाळेत नववीत असलेल्या प्रियांकानं काकांना विचारलं, बाबांना झोप मिळेल असं काहीतरी करता येईल का? तिनं स्वतःच एक युक्ती शोधली होती. शेताभोवती दोन तारा, एकमेकींपासून बोटभर अंतरावर. डुकरानं अंग रेटलं की तारा एकमेकींना लागतील आणि घरात घंटी वाजेल. बस, एवढंच. डुकराला काही व्हायचं नाही, फक्त माणूस जागा होईल. टॉर्चचे सेल, दारावरची जुनी घंटी आणि बायंडिंग तार. मास्तरांनी ते जोडून पाहिलं. घंटी कडकडून वाजली. मास्तर पोरीकडं बघत राहिले आणि त्यांच्या मनात पहिल्यांदा खरी आशा उगवली.

मॉडेल सुरेख झालं. हिरव्या रंगवलेल्या भुशाचं शेत, मातीचं डुक्कर, त्याच्या पाठीला केरसुणीचे केस. सेल ओबडधोबड दिसत होते म्हणून मास्तरांनी ते थर्माकोलच्या पेटीखाली झाकून टाकले. मग राहिलं भाषण. ते मास्तरांनीच लिहून दिलं होतं आणि प्रियांकाला घडाघडा येत होतं, एक वाक्य सोडून. 'ही तार सेलवर चालत असल्यामुळे हात लागला तरी माणसाला काही होत नाही.' 'चालत असल्यामुळे'पाशी आलं की तिची जीभ अडायची. पुन्हा सुरुवात, पुन्हा तिथंच गाडी बंद. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मास्तरांनी त्रासून वाक्याचा सुरुवातीचा भाग काढून टाकला. सेलचं काय सांगायचं, परीक्षकांना कळतंच की ते, असं म्हणाले. मग प्रियांका न अडखळता म्हणू लागली: हात लागला तरी माणसाला काही होत नाही.

मुरबाडला प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी पालकांना आत सोडायचे. अनंता सदरा घालून आला होता, गुणाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून. म्हातारी उभ्या जन्मात शाळेच्या आत पाऊल टाकायला पहिल्यांदाच आलेली. टेबलाच्या कडेला हात धरून ती नातीकडं बघत राहिली. परीक्षक आले, त्यांनी विचारलं, चालतं का? प्रियांकानं आपलं बोट तारेवर दाबलं. घंटी वाजली. बोट तसंच ठेवून ती खणखणीत आवाजात म्हणाली, हात लागला तरी माणसाला काही होत नाही. भोवतीच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुणाबाईनं डोळ्याला पदर लावला.

परीक्षकांची पेनं कागदावर टेकली होती. तेवढ्यात गर्दीतल्या एका शेतकऱ्यानं, घाटाखालच्या कुठल्या तरी गावचा असावा, खांद्यावरचा टॉवेल सारखा करत मास्तरांना विचारलं, "सर, याला घरची लाइट जोडली, तर डुक्कर जाग्यावर पडंल ना?"

मास्तरांना उत्तर ठाऊक होतं. डुक्कर पडेल, आणि त्याच्या मागून येणारा माणूसही पडेल. ते मोठ्यानं सांगायला तोंड उघडणार तोच त्यांची नजर परीक्षकांच्या पेनावर गेली. अजून मार्क लिहून व्हायचे होते. या मॉडेलनं माणूस मरू शकतो, हे वाक्य त्या क्षणी परीक्षकांच्या कानावर पडू नये असं त्यांना वाटलं. वाटलं ते वाटलं. ते म्हणाले, आधी साहेबांना बघू द्या, मग सांगतो. तो माणूस समजल्यासारखी मान हलवून निघून गेला. मास्तरांनी नंतर त्याला सगळ्या मैदानात शोधलं, स्टँडवरही जाऊन आले. तो सापडला नाही.

पहिला नंबर आला. फिरती ढाल शाळेत आली, प्रियांकाचा फोटो मुख्याध्यापकांच्या खोलीत लागला. मास्तरांनी जुना डोंगर शाळेच्या मागं नेऊन फोडून टाकला. मातीच्या ढेकळांवर कुंकवाचे डाग होते. का कोण जाणे, त्यांनी ते पायानं पुसून टाकले.

गावात मात्र नंबर आला असं कोणी म्हणेना. गावातलं पोरगं दहावीला पास होतं, कल्याणला कामाला जाणाऱ्याचा रेल्वेचा पास असतो, घरकुलाचं प्रकरण पंचायत समितीत पास होतं. तसंच प्रियांकाचं मॉडेल पास झालं. प्रमाणपत्रावर गोल शिक्का होता, खाली साहेबांची सही होती. अनंतानं ते फ्रेम करून देवांच्या शेजारी लावलं. आल्यागेल्याला तो बोट दाखवून सांगायचा, आमच्या पोरीची तार सरकारनं पास केली. ऐकणारेही मान हलवायचे. सरकारनं पास केली म्हणजे बघून, तपासूनच केली असणार. मास्तरांनी एकदोनदा समजावलं की ही नुसती शाळेची स्पर्धा आहे, सरकारनं काही पास-बिस केलेलं नाही. लोक हसले. मास्तर आपले साधे, आपल्या हुशारीचं कौतुक नको म्हणतात, असंच सगळ्यांना वाटलं.

पावसाळ्यात मास्तरांचं गावाकडं येणं कमी झालं. नदी भरून वाहायची, शाळेत सहामाहीची धावपळ. भादवा सरता सरता एका रविवारी ते घरी आले, आणि शेताच्या बांधावर पाय ठेवायच्या आधीच जागच्या जागी थांबले. शेताभोवती खुंटे ठोकले होते. खुंट्यांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे आणि त्यांतून नेलेली तार. दुसरी तार नव्हती. घंटी नव्हती. ती एकच तार बांधाबांधानं विजेच्या खांबापर्यंत गेली होती आणि वरच्या लाइनवर वाकवलेला आकडा लटकत होता.

अनंतानं मोठ्या हौसेनं सगळं दाखवलं. दोन डुकरं पडली होती, वाटे घरोघर गेले होते. मास्तरांनी विचारलं, घंटी कुठं आहे?

"घंटी वाजली तर डुक्कर पळून जातंय, दादा. मग उपयोग काय तिचा?"

मास्तर चिडले, ओरडले. ही तार नव्हे, फास आहे, असं म्हणाले. अनंताला खरंच कळेना की मोठ्या भावाला झालंय तरी काय. तो शांतपणे म्हणाला, "तुमचंच मॉडेल हाय ना हे? तुमीच तर पास करून आणलंत."

त्या दिवसापासून मास्तरांची झोप गेली. शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता त्यांना मध्येच तो आकडा दिसायचा. कोणाचा पाय पडेल? खेकडे पकडायला येणाऱ्या ठाकरवाडीतल्या पोरांचा? गुरामागं धावणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्याचा? मनात ते एकेकाला त्या बांधावरून चालवत न्यायचे आणि दचकून खडू खाली ठेवायचे. सगळ्यांत जास्त भीती आईची वाटायची. तिचा दिवस शेतावर सुरू व्हायचा आणि शेतावर संपायचा. वहाण तिनं कधी घातली नव्हती.

त्यांनी वायरमनला, रामूला, गाठलं. रामूनं येऊन आकडा काढला आणि जाताना मास्तरांना बाजूला घेऊन सांगितलं, मी आज काढला, उद्या पुन्हा पडेल, आणि एकट्या तुमच्या भावाचाच आहे असं समजू नका. नदीपलीकडं बघा. मास्तरांनी बघितलं. नदीपलीकडच्या शेतांतही खुंटे होते. त्याच्या पुढच्या गावातही. कोणी विचारलं तर सगळीकडं एकच उत्तर होतं, विशे मास्तरांची तार आहे, पास झालेली.

शेवटी त्यांनी भावाशी तडजोड केली. आकडा अंधार पडल्यावर टाकायचा आणि फटफटायच्या आत काढायचा. आईला, ती घाबरेल म्हणून कारण न सांगता, त्या बाजूला जाऊ द्यायचं नाही. आणि नव्याच्या पुनवेच्या आदल्या रात्री आकडा मुळी टाकायचाच नाही. कारण त्या दिवशी गुणाबाई पहाटे अंघोळ करून, ओल्या लुगड्यानं, कोणाशी न बोलता शेतावर जायची, नव्या भाताच्या लोंब्या तोडून आणायची आणि त्या दाराला बांधायची. लग्न होऊन आल्यापासून तिनं हे कधी चुकवलं नव्हतं. अनंतानं देवावर हात ठेवून कबूल केलं. एवढं केल्यावर मास्तरांना थोडं बरं वाटलं.

नेमका पुनवेच्या आदल्या रात्री डुकरांनी शेजारच्या शेतात धुमाकूळ घातला. तिथून ती आपल्याकडं वळणार हे दिसत होतं. अनंतानं विचार केला, आजची रात्र टाकू, म्हातारी उठायच्या आत काढू. आणि मग त्याला गाढ झोप लागली, कारण तार लावल्यापासून त्याला झोपायची सवय झाली होती.

मास्तर सणाला म्हणून पहिल्या गाडीनं टोकावड्याहून निघाले आणि फाट्यावरून चालत गावाकडं आले. हातात पिशवी होती, पिशवीत मैनानं, त्यांच्या बायकोनं, दिलेले रव्याचे लाडू. शेताच्या कडेला माणसं जमलेली त्यांनी लांबून बघितली आणि त्यांना कोणी काही सांगायची गरज उरली नाही. गुणाबाई बांधावर पडली होती. ओलं लुगडं अंगाला चिकटलेलं. ती तारेला अडखळली नव्हती. खालून जाता यावं म्हणून तिनं तार हातानं धरून वर उचलली होती. मूठ तशीच वळलेली होती. अनंता खुंट्यांवरून तार सोडवून कोपरावर गुंडाळत होता. रडत होता आणि गुंडाळत होता.

पोलीस येईपर्यंत शेताभोवती एकही खुंटा उरला नाही. गावानं सांगितलं, खांबात करंट उतरला होता, म्हातारीचा ओला हात खांबाला लागला. अनंताकडं बघून कोणीच दुसरं काही बोलू शकत नव्हतं. त्याची आई गेली होती, त्याला आणखी काय शिक्षा करायची? मास्तर तिथंच उभे होते. फौजदारानं त्यांना विचारलं, तुम्ही शिकलेले, तुम्हाला काय वाटतं? मास्तर म्हणाले, मी आत्ताच आलो.

बाराव्या-तेराव्याचं सगळं झालं. मास्तर शाळेत जाऊ लागले. तारा मात्र राहिल्याच, नदीपलीकडं आणि त्याच्या पुढं, कारण तारेनं माणूस मेला हे तिकडं कोणालाच माहीत नव्हतं. गुणाबाई खांबाला लागून मेली होती. मास्तरांनी सायकल काढली, दोनतीन गावांत जाऊन आले, धोका आहे, काढा, असं सांगत फिरले. कशावरून सांगता, असं लोक विचारायचे, आणि तिथं मास्तर विषय बदलायचे. खरं सांगावं तर भाऊ आत जातो. न सांगावं तर कोण ऐकतंय? घरोघरी लोक उलट त्यांनाच धीर द्यायचे, चहा पाजायचे. प्रियांका तर त्या पुनवेपासून जवळजवळ मुकीच झाली होती. विचारलेल्या प्रश्नाला हो किंवा नाही, बास.

थंडी पडली आणि प्रदर्शन आलं. मास्तरांनी या वर्षी शाळेचं मॉडेल द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण फिरती ढाल परत करणं भाग होतं, आणि ती ज्या विद्यार्थ्यानं आणली त्यानंच द्यायची अशी पद्धत. म्हणून ते प्रियांकाला घेऊन मुरबाडला गेले. दारातून आत शिरले आणि दोघंही थांबले. पहिल्या टेबलावर भुशाचं हिरवं शेत होतं. पुढच्या रांगेत आणखी एक. खिडकीशी एक. नंबर आलेलं मॉडेल अर्ध्या तालुक्याच्या टेबलांवर उभं होतं, डुकराच्या पाठीवर केरसुणीचे केससुद्धा लावलेले. एकातही घंटी नव्हती. मधल्या टेबलावर तर वायरच्या टोकाला पिन होती आणि ती भिंतीतल्या प्लगमध्ये घालायची होती.

त्या टेबलामागं मनस्वी नावाची आठवी-नववीतली मुलगी उभी होती, घाटाखालच्या शाळेची. दोन वेण्या, छातीला बिल्ला. परीक्षक अजून लांब होते. ती त्यांच्यासाठी सराव करत होती. पिन काढून ठेवून तिनं बोट तारेवर ठेवलं आणि डोळे मिटून म्हणाली, हात लागला तरी माणसाला काही होत नाही.

प्रियांकानं ढाल खाली भिंतीला टेकवून ठेवली. ती हळूच म्हणाली, "काका, आजीनं मला इचारलं व्हतं."

मास्तरांना आधी कळलं नाही. तेव्हा तिनं सांगितलं. बाबांनी शेताला तार लावली त्या दिवशी आजूबाजूच्या बायका बघायला आल्या होत्या. आजीनं सगळ्यांसमोर कौतुकानं विचारलं, गो, तू तर बोट लावून दाखवलंस, माणसाला काय व्हत नाय ना? आणि ती नाय म्हणाली होती.

"तुला ठाऊक नव्हतं का, खांबावरच्या लाइनीनं माणूस मरतो ते?" मास्तरांनी विचारलं.

"ठाऊक व्हतं. पण खरं सांगितलं असतं, तर सगळ्या म्हणाल्या असत्या, मॉडेल खोटं व्हतं. नंबर खोटा व्हता."

परीक्षकांच्या पेनाकडं बघून मास्तर स्वतः अगदी याच भीतीनं गप्प बसले होते, आणि ते तर पोर नव्हते. गेले दोन महिने आपण एकटेच हे ओझं वाहतोय असं त्यांना वाटत होतं. घरातली एक पोर ते त्यांच्याहून जास्त वाहत होती, आणि आपण तिला एकदाही जवळ बसवून विचारलं नाही, याची त्यांना भयंकर लाज वाटली. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तोपर्यंत परीक्षक मधल्या टेबलापाशी पोचले होते. मनस्वीच्या सरांनी पिन उचलून प्लगमध्ये घालायची तयारी केली. एका परीक्षकानं विचारलं, चालतं का?

प्रियांका काकांच्या हाताखालून निघून सरळ त्या टेबलाकडं गेली. पुनवेपासून तिचा मोठा आवाज कोणी ऐकला नव्हता. तो हॉलभर ऐकू गेला.

"ती पिन लावू नका. माझी आजी या तारेनं मेली. खांबानं नाय, तारेनं. आमच्या शेतात माझ्या बापानं लावली व्हती, खांबावरच्या लायनीवर. तिनं ती हातानं उचलली, कारण माणसाला काय व्हत नाय असं मी तिला सांगितलं व्हतं."

मनस्वीनं बोट मागं घेतलं आणि फ्रॉकला पुसलं. मास्तरांच्या शाळेचे मुख्याध्यापक दारातून त्यांना हातानं खुणावत होते, पोरीला बाहेर घेऊन या, आवरा तिला. मास्तरांनी तिकडं बघितलं नाही. ते पुढं झाले, पुतणीएवढ्याच त्या अनोळखी पोरांच्या रांगेत प्रियांकाशेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "आणि ते वाक्य मी शिकवलं होतं. पुरतं वाक्य लांब होत होतं, म्हणून मी ते तोडलं. तुमच्या तुमच्या गावांत या तारा आहेत, मी बघितल्यात. आज घरी जाऊन काढायला सांगा. ज्याला खरं वाटत नसेल त्यानं माझ्या घरी यावं."

मग त्यांनी प्रत्येक टेबलापाशी जाऊन एकेका पोराला पूर्ण वाक्य सांगितलं, सेलसकट. कोणी अडवलं नाही. परीक्षक आपले कागद छातीशी धरून उभे होते.

संध्याकाळच्या गाडीनं दोघं गावी आले. रात्री जेवताना प्रियांकानंच बापाला सगळं सांगितलं. अनंतानं ऐकून घेतलं आणि तो ताटात पाणी सोडून उठला.

पोलीस सकाळी आले. अनंता खळ्यावर भात झोडत होता. त्यानं हातातली पेंढी खाली ठेवली, हात धुतले, सदरा घातला. जीपमध्ये बसण्याआधी त्यानं मुलीकडं बघितलं. ती दारातच उभी होती, आत गेली नाही. मास्तर चालत जीपपाशी गेले आणि त्याच्या शेजारी बसले.